शेतीच्या तासाला करवत

आजचा विषय थोडा आडवळणाचा आहे, म्हणून सुरुवातीला एक खोली डोळ्यांसमोर आणू या.

साल १९२५च्या आसपासचं धरा. अमेरिकेच्या मध्यभागातलं, इलिनॉय किंवा आयोवा राज्यातलं एखादं लहानसं गाव. गावात हायस्कूल आहे आणि हायस्कुलात ‘व्होकेशनल ॲग्रिकल्चर’ म्हणजे व्यावसायिक शेती हा विषय आहे. मुलं त्याला नुसतं ‘ॲग’ म्हणतात. शेतीचा वर्ग म्हटल्यावर मक्याची कणसं, मातीचे नमुने, जनावरांची चित्रं हे सगळं असणार, ते आहेच. पण शेजारच्या खोलीत जाऊन बघा. तिथे जाड फळ्यांची टेबलं, टेबलाला व्हाइस, भिंतीवर करवती, रंधे, पटाशा आणि गुण्ये टांगलेले. चौदा-पंधरा वर्षांची मुलं तिथे लाकूड कापताना खाली ठेवायची घोडी बनवताहेत. चार तिरके पाय, वर एक आडवी फळी. दिसायला सोपी, पण चारही पाय एकाच कोनात बसवायचे म्हणजे चांगलीच परीक्षा.

आता प्रश्न असा, की शेतीच्या तासाला सुतारकाम कशासाठी? ही मुलं सुतार होणार नव्हती आणि शिक्षकाला त्यांना सुतार करायचंही नव्हतं. मग करवत या वर्गात आली कशी? आणि आली ती नेमकी कोणाच्या हातात गेली? आज मला या दोन प्रश्नांबद्दल बोलायचं आहे. शेवटी आपल्याकडेही येऊ, कारण हाच प्रश्न आपल्याकडे विचारला गेला होता, आणि तोही त्यांच्या कायद्याच्या तीसेक वर्षं आधी.

पहिल्यांदा तिथली वस्ती समजून घेऊ. आपल्याकडे शेतकरी गावात राहतो आणि शेतावर जातो. तिकडच्या मैदानी भागात शेतकरी शेतातच राहायचा. १८६२च्या होमस्टेड कायद्यानं १६० एकरांचे तुकडे वाटले गेले, आणि ज्यानं त्यानं आपल्या तुकड्यावर घर बांधलं. शेजारी अर्ध्या मैलावर. जोखडाचा खुंटा मोडला, फाटकाची बिजागरी निखळली, तर हाक मारायला कोण? वंशपरंपरेनं गावाला बांधलेला सुतार तिथे नव्हता. शहरातून माणूस आणायचा तर दिवस जाणार आणि पैसाही. त्यामुळे थोडंफार सुतारकाम हा शेतीचाच भाग होता. बाप करायचा, मुलगा बघत बघत शिकायचा.

मग शाळेत शिकवायची गरज का पडली? याला दोन कारणं दिसतात. एक म्हणजे खेड्यातला हुशार मुलगा हायस्कुलात गेला की शहराकडे वळत होता. त्या वेळचं हायस्कूल लॅटिन, बीजगणित, इतिहास शिकवायचं आणि कॉलेजकडे बोट दाखवायचं. खेडी ओस पडतील ही काळजी इतकी वाढली, की १९०८ साली राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी ग्रामीण जीवनाचा विचार करायला एक आयोग नेमला. लिबर्टी हाइड बेली हे वनस्पतिशास्त्रज्ञ त्याचे अध्यक्ष होते. दुसरं कारण असं, की शेतीच बदलत होती. बापानं आजोबाकडून शिकलेलं आता पुरत नव्हतं. हे कसं, ते पुढे एका उदाहरणातून सांगतो.

हातकाम शाळेत आणावं हा विचार तोपर्यंत शहरात रुजला होता. १८७६ साली फिलाडेल्फियाला मोठं प्रदर्शन भरलं. त्यात मॉस्कोच्या तांत्रिक शाळेनं व्हिक्टर देल्ला व्होस यांची पद्धत मांडली. हत्यारं एकेक करून शिकवायची, लाकडाचे सांधे पायरीपायरीनं करून घ्यायचे. ते पाहून केल्विन वुडवर्ड यांनी सेंट लुईसला हातकामाची शाळा काढली, ती १८८० साली सुरू झाली. पण या पद्धतीत मुलगा सांधा करायचा आणि तो सांधा फेकून दिला जायचा. वस्तू अशी काही बनत नसे. दुसरीकडे स्वीडनमध्ये ऑटो सालोमन यांची ‘स्लॉइड’ नावाची पद्धत होती. तिचं म्हणणं असं, की मुलानं पहिल्या दिवसापासून घरात वापरता येईल अशी वस्तू करावी. मग ती साधी खुंटी का असेना. शेतीच्या वर्गानं पुढे काय उचललं म्हणाल, तर मनानं स्वीडनचं उचललं. शेतकऱ्याच्या पोराला फेकून द्यायचा सांधा दाखवून तुम्ही किती दिवस बसवून ठेवणार?

आता कायद्याकडे येऊ. २३ फेब्रुवारी १९१७ रोजी राष्ट्राध्यक्ष वुड्रो विल्सन यांनी स्मिथ-ह्यूज कायद्यावर सही केली. सिनेटर होक स्मिथ आणि प्रतिनिधी डडली ह्यूज, दोघेही जॉर्जिया राज्याचे. त्यामागचा मुख्य विचार मात्र चार्ल्स प्रॉसर यांचा. या कायद्यानं पहिल्यांदा केंद्र सरकारचा पैसा हायस्कुलातल्या व्यावसायिक शिक्षणाकडे वळवला. शेतीसाठी पहिल्या वर्षी ५ लाख डॉलर, आणि वाढवत वाढवत १९२६पर्यंत वर्षाला ३० लाख. कोणत्या राज्याला किती, हे तिथल्या ग्रामीण लोकसंख्येवर ठरणार.

हा पैसा कशावर खर्च करायचा, हे जरा नीट बघा, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. तो पैसा शिक्षकांच्या पगारासाठी आणि शिक्षक घडवण्यासाठी होता. इमारतीसाठी नाही, जमिनीसाठी नाही. केंद्राच्या प्रत्येक डॉलरला राज्यानं किंवा स्थानिक मंडळानं आपला एक डॉलर घालायचा. इमारत आणि हत्यारं गावानं पाहायची. आणि सगळ्यात महत्त्वाची अट अशी, की शेती शिकणाऱ्या प्रत्येक मुलानं वर्षातले किमान ६ महिने देखरेखीखाली प्रत्यक्ष शेतीकाम करायचं. शाळेच्या शेतावर करा, नाहीतर घरच्या.

ही अट आकाशातून पडली नव्हती. मॅसॅच्युसेट्समधल्या नॉर्थॅम्प्टनला रूफस स्टिमसन यांनी १९०८पासून ‘होम प्रोजेक्ट’ चालवले होते. स्टिमसन आधी कनेटिकटच्या शेतकी कॉलेजचे अध्यक्ष होते. ते पद सोडून ते एका शाळेवर आले. त्यांचं म्हणणं सोपं होतं. शाळेच्या शेतावर पन्नास मुलं एकाच वाफ्याभोवती उभी करण्यापेक्षा मुलाला घरी स्वतःचं काहीतरी करू द्या. स्वतःच्या कोंबड्या, स्वतःची डुकरं, स्वतःचा बटाट्याचा तुकडा. हिशेब त्यानं ठेवायचा, नफा-तोटा त्याचा. शिक्षक घरोघर जाऊन बघणार.

आता ज्याच्याकडे स्वतःच्या कोंबड्या आल्या, त्याला खुराडं लागणार. ज्याची डुकरं, त्याला गव्हाण आणि आडोसा लागणार. म्हणजे करवत वर्गात आली ती या प्रकल्पांच्या मागून. सुतारकाम चांगलं म्हणून शिकवा, असं कोणाला म्हणावं लागलं नाही. मुलाच्या जनावरालाच त्याची गरज होती.

मघाशी म्हटलं ते उदाहरण आता घेतो. इलिनॉयमध्ये मॅक्लीन नावाचा परगणा आहे. मका आणि डुकरं हेच तिथलं धन. पहिलं महायुद्ध संपत आलं तेव्हा तिथले शेतकरी एका गोष्टीनं हैराण होते. डुकरांची पिल्लं धापा टाकायची, खुरटायची, मरायची. केंद्र सरकारच्या पशुसंवर्धन खात्यातले ब्रेटन रॅन्सम आणि एच. बी. रॅफेन्सपर्गर यांनी १९१९पासून तिथे काम केलं. कारण होतं जंत. जंताची अंडी जुन्या वाड्याच्या मातीत वर्षानुवर्षं टिकतात. पिल्लं ती माती चाटतात, अळ्या पोटातून फुप्फुसात जातात. औषधापेक्षा उपाय साधा निघाला. विण्याची जागा उकळत्या पाण्यानं आणि कॉस्टिकनं धुवायची, मादीची कास धुवायची, आणि पिल्लांना आईसकट जुन्या वाड्यातून न चालवता उचलून स्वच्छ कुरणात न्यायचं. चार महिन्यांची होईपर्यंत तिथेच ठेवायचं.

उपाय उत्तम. पण कुरणात छप्पर कुठे आहे? ऊन, पाऊस, रात्रीची थंडी. म्हणून लागलं हलवता येणारं घर. दोन्ही बाजूंनी जमिनीपर्यंत उतरणारं छप्पर, तेच भिंत. इंग्रजी ‘ए’ अक्षरासारखा आकार. खाली दोन जाड लाकडी धावा, म्हणजे घोडे जुंपून ते घर ओढत नव्या कुरणात नेता येईल. आत भिंतीलगत जमिनीपासून वीतभर उंचीवर एक आडवा दांडा, म्हणजे आई अंग टाकेल तेव्हा पिल्लू त्याखाली सरकून वाचेल.

हा उपाय बापानं आजोबाकडून शिकलेला नव्हता. तो प्रयोगशाळेतल्या सूक्ष्मदर्शकातून निघाला होता, आणि शेतापर्यंत पोचला तो सुतारकामातून. शेतीच्या वर्गात सुतारकाम का, याचं यापेक्षा चांगलं उत्तर मला सापडलेलं नाही. जंताचं जीवनचक्र फळ्यावर शिकलेला मुलगा शेजारच्या खोलीत जाऊन धावांना तिरका छेद देत होता. एकाच धड्याचे ते दोन भाग होते.

वर्गात काय काय शिकवलं जायचं? त्या काळची पाठ्यपुस्तकं पाहिली, उदाहरणार्थ कॉर्नेल विद्यापीठातल्या लुई रोहल यांचं १९२३चं ‘फार्मर्स शॉप बुक’, तर रचना ध्यानात येते. हत्याराला धार लावणं हा पाया, कारण बोथट पटाशीनं काम नीट होत नाही आणि हातही कापतो. मग करवतीचे प्रकार. तंतूंच्या दिशेनं उभं फाडायच्या करवतीचे दात बारक्या पटाशीसारखे, आडवं कापायच्या करवतीचे दात सुरीच्या टोकासारखे. हे कळलं नाही तर मुलगा ताकद लावत बसतो आणि लाकूड फाटतं. मग गुण्या. छपराची वासाकडी किती लांब काढायची, हे त्या लोखंडी गुण्यावरच्या आकड्यांवरून काढता येतं. तीन-चार-पाचचा त्रिकोण मुलानं भूमितीच्या तासाला पाठ केलेला असायचा. इथे त्याला कळायचं की पाया काटकोनात आहे का, हे बघायला एक दोरी पुरते.

आणि लाकडाचा हिशेब. तिकडे लाकूड ‘बोर्ड फूट’ मापानं विकतात. एक फूट लांब, एक फूट रुंद, एक इंच जाड, म्हणजे आपल्या घनफुटाचा बारावा हिस्सा. दोन इंच जाड, सहा इंच रुंद, बारा फूट लांब अशी एक फळी म्हणजे १२ बोर्ड फूट. अशा सहा लागल्या तर ७२. मुलानं आधी चित्र काढायचं, मग यादी करायची, मग भाव लावायचा, आणि हा खर्च आपल्या डुकरांच्या वहीत लिहायचा. चुकीचं माप घेऊन फळी आखूड कापली तर ते नुकसान त्याच्याच वहीत दिसणार. गणिताच्या परीक्षेत चूक झाली की एक गुण जातो. इथे फळी जायची.

इथपर्यंत गोष्ट गोड आहे. पण इतिहास सांगायचा तर दुसरी बाजूही सांगायला हवी. ही करवत सगळ्यांच्या हातात गेली नाही.

कायदा आणणारे दोघेही दक्षिणेतले होते, आणि दक्षिणेत शाळा काळ्यांच्या वेगळ्या, गोऱ्यांच्या वेगळ्या. पैसा राज्याच्या हातून वाटला जाणार म्हटल्यावर काय झालं असेल, हे वेगळं सांगायला नको. गोऱ्या मुलांची ‘फ्यूचर फार्मर्स ऑफ अमेरिका’ ही संघटना १९२८ साली कॅन्सस सिटीत स्थापन झाली. काळ्या मुलांना आपली संघटना वेगळी काढावी लागली. व्हर्जिनियात १९२७ साली सुरुवात झाली, आणि १९३५ साली टस्कीगीला ‘न्यू फार्मर्स ऑफ अमेरिका’ ही राष्ट्रीय संघटना उभी राहिली. १९६५ साली दोन्ही एक झाल्या. तेव्हा काळ्या संघटनेचे सुमारे ५० हजार सदस्य होते. नाव आणि बोधचिन्ह मात्र गोऱ्या संघटनेचंच राहिलं. मुलींना राष्ट्रीय पातळीवर सदस्यत्व मिळालं ते १९६९ साली.

टस्कीगी हे नाव आलंच आहे तर तिथला वाद विसरून चालणार नाही. बुकर टी. वॉशिंग्टन यांनी १८८१पासून तिथे शेती, सुतारकाम, वीटकाम शिकवलं. संस्थेच्या इमारती विद्यार्थ्यांनीच बांधल्या. डब्ल्यू. ई. बी. डू बॉइस यांचा आक्षेप होता, की आमच्या मुलांना फक्त हातकाम द्याल तर हातकामाच्या पलीकडचं दार बंद होईल. पुढे १९१५ साली हाच आक्षेप वेगळ्या शब्दांत जॉन ड्यूई यांनी घेतला. हातकामाला ड्यूईंचा विरोध नव्हता, उलट ते त्याचे मोठे पुरस्कर्ते. पण एका मुलाला पुस्तक आणि दुसऱ्याला करवत, अशा दोन वेगळ्या वाटा शाळेनं पाडू नयेत, असं ते म्हणत. कायदा झाला तो ड्यूईंच्या बाजूनं झाला नाही.

म्हणजे बघा, टेबल तेच, करवत तीच. एका मुलासाठी ती शास्त्राला शेताशी जोडते. दुसऱ्याला ती सांगते, की तू इथपर्यंतच. फरक हत्यारात नाही. त्या मुलाला पुस्तकही मिळतंय का, यात आहे.

पुढचं थोडक्यात सांगतो. १९३०च्या दशकाच्या मध्यावर अमेरिकेतल्या दहातल्या जेमतेम एका शेतघरात वीज होती. ती पसरत गेली तसं शेतीच्या वर्गात वेल्डिंग आलं, मोटारी आल्या, ट्रॅक्टरची दुरुस्ती आली. १९६३च्या कायद्यानं प्रत्यक्ष शेतीकामापुरती असलेली अट सैल केली आणि शेतीशी संबंधित इतर नोकऱ्यांचं शिक्षणही या वर्गात आलं. लाकूड मागे सरलं, पण गेलं नाही. आजही अनेक शाळांत शेतीचा शिक्षकच पहिल्यांदा मुलांच्या हातात करवत देतो.

आता आपल्याकडे येऊ. आपल्या गावात सुतार होता. बलुतेदार होता. पावसाळ्याआधी नांगर, कुळव, पाभर त्याच्याकडे जायची. बाभळीचं लाकूड शेतकऱ्याचं, वाकस आणि हात सुताराचा, आणि मोबदला खळ्यावर धान्यात. व्यवस्था चालत होती, पण तिचा एक परिणाम असा झाला, की हत्याराचं ज्ञान जातीच्या घरात राहिलं. शेतकऱ्याच्या मुलाला ते शिकायचं कारण नव्हतं, सुताराच्या मुलाला शाळेचं दार नव्हतं, आणि जो शाळेत जात होता त्याच्या घरी वाकस नव्हता. ज्ञान, कसब आणि शेत, तिन्ही तीन घरांत.

हे कोणी ओळखलं असेल तर महात्मा फुल्यांनी. १८८२ साली हंटर आयोगापुढे त्यांनी खेड्यातल्या प्राथमिक शाळेत शेतीचं ज्ञान मागितलं. आणि १८८३च्या ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये ते आणखी पुढे गेले. शेतकऱ्यांच्या मुलांनी सहावीपर्यंत शिकावं, थोडं सुतारी-लोहारी कसब आणि औत हाकणं यांत परीक्षा द्यावी, आणि अशा मुलांना पाटीलकी मिळावी, अशी त्यांची सूचना होती. विचार करा. वतनानं मिळणारं पद ते सुतारकामाच्या परीक्षेला जोडत होते. स्मिथ-ह्यूज कायद्याच्या ३४ वर्षं आधी. आणि पुस्तक बाजूला ठेवून करवत द्या, असं ते म्हणत नव्हते. दोन्ही एकाच मुलाच्या हातात मागत होते.

पुढे ऑक्टोबर १९३७मध्ये वर्ध्याला गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद झाली आणि झाकिर हुसेन समितीच्या योजनेत सूतकताईबरोबर सुतारकाम आणि शेती हेही मूलोद्योग म्हणून आले. पण स्वातंत्र्यानंतर १९५२-५३च्या मुदलियार आयोगानं बहुउद्देशीय शाळा सुचवल्या त्यात शेती हा एक गट आणि तांत्रिक हा दुसरा. म्हणजे पुन्हा दोन खोल्या. कोठारी आयोगानं १९६४ ते ६६ या काळात कार्यानुभव सुचवला. त्याचं आपल्या शाळांत काय झालं, ते इथे बसलेल्या बहुतेकांना आठवत असेल. पुठ्ठ्याचं घर, शोभेची फुलदाणी, आणि आदल्या रात्री ते करून देणारे आई-वडील.

अपवाद आहेत. पुणे जिल्ह्यातल्या पाबळला डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली विज्ञान आश्रम सुरू केला. मुंबईतली संशोधनाची चांगली नोकरी सोडून ते एका कोरडवाहू गावात गेले. तिथून हायस्कूलसाठी जो अभ्यासक्रम तयार झाला त्यात कार्यशाळा, ऊर्जा, शेती-पशुपालन आणि घर-आरोग्य असे चार भाग एकाच विषयात आहेत, आणि सगळी मुलं-मुली चारही शिकतात. शिकताना केलेलं काम गावाला उपयोगी पडलं पाहिजे, लोकांनी त्याचे पैसे मोजले पाहिजेत, हा आग्रह. मॅक्लीनच्या त्या फिरत्या घराशी याचं नातं लगेच लक्षात येईल. कोणी कोणाचं पाहून केलं असं मी म्हणत नाही. प्रश्न सारखा होता, म्हणून उत्तरं जवळ आली.

व्याख्यान संपवताना एवढंच म्हणेन. हातकाम मुलांना आवडतं, ते करायला हवं, हे सगळ्यांना पटतं. त्यावर भांडण कधीच नव्हतं. भांडण आहे ते कोणत्या मुलाला आणि कशाच्या बदल्यात, यावर. अभ्यासात मागे पडला म्हणून त्याला कार्यशाळेत पाठवलं, तर ती शिक्षा झाली. हुशार आहे म्हणून त्याला कार्यशाळेतून सोडवलं, तर तीही शिक्षाच, फक्त ती त्याला उशिरा कळते. आपापल्या गावच्या शाळेत कधी जाल तेव्हा कार्यशाळेची खोली आहे का, ते बघा. असली, तर तिच्या कुलपाची किल्ली कोणाकडे असते आणि शेवटची कधी फिरली होती, एवढं विचारून या.